उभ्या गाडीची बॅटरी

मुंबईत अशा कितीतरी गाड्या आहेत, ज्या मे महिन्यात गावाहून परतल्या की थेट गणपतीला कोकणात जायलाच बाहेर निघतात. मधला सगळा पावसाळा सोसायटीच्या आवारात, कव्हरखाली. निघायच्या पहाटे सामान भरून होतं, चावी फिरवली की नुसतं टक् टक्. मग वॉचमनला हाक आणि शेजाऱ्यांकडे जंप केबलची चौकशी.

उभी गाडी वीज खात नाही, हा आपला समज. घड्याळ, अलार्म, रिमोटची वाट बघणारं सेंट्रल लॉकिंग, हे सगळं चालूच असतं. प्रवाह अगदी बारीक, पण तो 50 मिलिअँपिअर धरला तरी दिवसाला 1.2 अँपिअर-अवर गेले. लहान गाडीची बॅटरी असते 35 अँपिअर-अवरची. महिन्याभरात खेळ आटोपला! त्यात बॅटरी आपली आपणही उतरते, उकाड्यात तर जास्तच. आणि उतरलेली तशीच पडून राहिली, तर आतल्या शिशाच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे टणक स्फटिक धरतात. मग कितीही चार्ज करा, पहिली ताकद येत नाही.

यावर घरोघरचा उपाय म्हणजे रविवारी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवणं. स्पष्ट सांगतो, यात पेट्रोल जळतं, बॅटरीला फारसं काही मिळत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास गाडी रस्त्यावर फिरवा.

तेही जमणार नसेल, मुलांकडे परदेशी जायचं असेल, तर केबल सोडून ठेवा. बहुतेक गाड्यांना 10 नंबरचा पान्हा लागतो. आधी निगेटिव्ह, म्हणजे काळी केबल. पॉझिटिव्ह आधी सोडायला गेलात आणि पान्हा गाडीच्या पत्र्याला टेकला, तर शॉर्टसर्किट होऊन ठिणगी उडते. जोडताना उलट क्रम, पॉझिटिव्ह आधी. सुटं टोक पुन्हा टर्मिनलला लागू नये म्हणून त्याला कापड गुंडाळा. केबल सोडल्यावर रिमोट चालत नाही, तेव्हा चावी जवळ असू द्या. नव्या गाडीचं मॅन्युअलही आधी वाचा.

अमेरिकेत हिवाळाभर उभ्या राहणाऱ्या मोटरहोमना, म्हणजे चाकांवरच्या घरांना, मेंटेनन्स चार्जर लावून ठेवतात. बॅटरी पूर्ण चार्ज झाली की तो आपोआप प्रवाह कमी करतो. तिथे ही चैन नव्हे. उतरलेल्या बॅटरीतलं ॲसिड पाण्यासारखं पातळ होतं, शून्याखाली थोड्याच अंशांवर गोठतं आणि बॅटरीचा डबा फुटतो. आपल्याकडे पार्किंगमध्ये प्लग असेल तर हा चार्जर जरूर घ्या.

साधा मल्टिमीटर घरी ठेवा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर 12.6 व्होल्ट दिसले तर उत्तम, बॅटरी 12.4च्या खाली आली तर चार्जिंगला द्या. चार्ज करूनही दोन दिवसांत पुन्हा खाली आली, तर तिचं आयुष्य बहुधा संपलं. जुनी बॅटरी मात्र भंगारवाल्याला देऊ नका. तिच्यात शिसं आणि ॲसिड आहे. नवी घ्याल त्या दुकानातच ती परत द्या, किमतीत सूटही मिळते.