दारू त्याची, दंड तिला?



आमच्या बचत गटाची बैठक दर महिन्याच्या पाच तारखेला असते. बचत उशिरा भरली की दहा रुपये दंड, हा नियम आम्हीच केलेला. गटातल्या एका ताईची बचत लागोपाठ तीन महिने उशिरा आली. आम्ही तिन्ही वेळा दंड घेतला. चौथ्या महिन्यात ती आलीच नाही. मग आम्ही दोघी-तिघी तिच्या घरी गेलो. तेव्हा कळलं, पिठाच्या डब्यात लपवलेले पैसे नवरा दारूला न्यायचा.

"आधी का नाही सांगितलंस गं?" आम्ही विचारलं.

ती म्हणाली, "काय सांगू? तुम्ही म्हणाला असता, हिला नवरा आवरता येत नाही."

खरं सांगतो, आम्ही तसंच म्हणालो असतो.

बायांनो, दारूचं व्यसन हा आजार आहे. तो बायकोमुळे होत नाही, आणि तिच्या उपास-नवसानं बराही होत नाही. त्या दिवशी आम्ही तिला एवढंच सांगितलं. ती पदरात तोंड घालून खूप रडली.

मग आम्ही काही गोष्टी ठरवल्या. मजुरी मिळाली की त्याच संध्याकाळी तिची बचत आमची सचिव घेते. किराण्याला, मुलांच्या वह्यापुस्तकांना कर्ज देतो. दारूची उधारी फेडायला देत नाही. घरात भांडण पेटलं की मुलांनी शेजारच्या काकूंकडे जायचं, हे मुलांनाही सांगून ठेवलंय.

दोन गोष्टी मात्र करू नका. दारू सोडवायची म्हणून कुणी दिलेली पूड चहात, भाजीत गुपचूप घालू नका. त्यावर तो दारू प्यायला तर जिवावर बेतू शकतं. आणि रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरात कोंडून एकदम बंद करू नका. हात थरथरतात, भास होतात, झटकेही येतात. अशा वेळी लगेच सरकारी दवाखान्यात न्या.

१४४४६ हा व्यसनमुक्तीचा मोफत फोन आहे. तो घरच्यांनीही करावा. नवरा तयार नसला तरी आपल्याला सल्ला मिळतो. मारहाण होत असेल तर ११२ किंवा १८१ लावा. २००५ च्या कायद्यानं बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिलाय. "घरातून निघ" म्हटलं म्हणून निघावं लागत नाही.

ताईचा नवरा अजून पितो. ते आमच्या हातात नाही. पण ताई आता बैठकीला येते, आणि मान वर करून बसते.

पुढच्या बैठकीत एखादीची जागा रिकामी दिसली, तर वहीत दंड लिहिण्याआधी तिच्या घरी जाऊन या. आम्ही आता तसंच करतो.