नवा खेळ आणि जुन्या खेळाचा दुसरा भाग

सोलापुरांत चादर विणणाऱ्या जुन्या धर्तीच्या जेकार्ड मागावर छिद्रें पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांची एक माळ फिरत असते. कोणता उभा दोरा वर उचलावयाचा आणि कोणता खालीं राहूं द्यावयाचा, हें त्या छिद्रांवरून ठरतें व त्यांतूनच चादरीवरील वेलबुट्टी उमटते. नवी नक्षी काढावयाची म्हणजे ती आधीं चौकटीच्या कागदावर मांडावी लागते, एकेक पत्ता टोचावा लागतो, माळ ओवावी लागते आणि मागावर चढवून पाहावी लागते. इतका खटाटोप करूनही ती बाजारांत चालेल याची हमी कोणी देत नाहीं. जुन्या नक्षीचे पत्ते मात्र तयार असतात. रंग पालटला, किनार थोडी निराळी केली, कीं तीच माळ पुन्हां कामास येते.

हा दाखला नुसत्या उपमेसाठीं दिलेला नाहीं. फ्रान्समधील जॅकार्ड यानें १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेल्या या पत्त्यांवरूनच पुढें इंग्लंडांत चार्ल्स बॅबेज यानें आपल्या नियोजित गणनयंत्राला आज्ञा देण्याची कल्पना उचलली. आज मुलें ज्यांत तासन्‌तास गढून जातात तो व्हिडिओ गेम त्याच वंशांतला. आणि वंश एक, तसा हिशेबही एकच. पात्र कसें धावावें, भिंतीवर आदळल्यावर कसें थांबावें, प्रकाश कोठून पडावा, हें सारें पहिल्या खेळाच्या वेळीं शून्यांतून घडवावें लागतें. खेळणारा कोठें रमतो आणि कोठें कंटाळतो, हेंही तेव्हांच कळतें. दुसऱ्या भागाच्या वेळीं ही पुंजी गांठीशीं असते. शिवाय नांव सर्वतोमुखीं झालेलें असतें. ‘झपाटलेला’ हा चित्रपट १९९३ सालीं आला आणि तब्बल वीस वर्षांनीं, २०१३ सालीं, त्याचा दुसरा भाग निघाला. तात्या विंचू कोण, हें कोणा प्रेक्षकाला समजावून सांगण्याची गरज पडली नाहीं!

नांवाची ही सत्ता किती असते याचें एक मौजेचें उदाहरण जपानांत सांपडतें. निंटेंडो ही कंपनी १८८९ सालीं क्योतो शहरांत खेळण्याचे पत्ते बनविण्यासाठीं निघाली. तिचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ १९८५ सालीं कमालीचा लोकप्रिय झाला. पुढल्याच वर्षीं निघालेला त्याचा दुसरा भाग फार अवघड आणि पहिल्यासारखाच आहे, असें कंपनीच्या अमेरिकेंतील शाखेला वाटलें. तेव्हां तिनें काय करावें? १९८७ सालचा ‘डोकी डोकी पॅनिक’ नांवाचा एक अगदीं स्वतंत्र खेळ घेतला, त्यांतील पात्रें काढून त्या जागीं मारिओ व त्याचे सोबती बसविले आणि १९८८ सालीं तो ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ या नांवानें अमेरिकेंत विकला. म्हणजे वस्तु नवी, पण तिला जुन्या घराण्याचें आडनांव लावल्यावांचून दुकानांत उभें करण्याचें धैर्य होईना. दुसऱ्या भागांत नवें कांहीं नसतेंच, असें म्हणणारांनीं हें प्रकरण अवश्य ध्यानांत ठेवावें.

आतां कन्सोलच्या बाजाराकडे पाहूं. दूरचित्रवाणीला जोडावयाचें हें यंत्र विकणारा बहुधा यंत्रावर फारसा नफा धरीत नाहीं. कधीं तें तोट्यांतही विकतो. त्याची खरी प्राप्ति यंत्रावर चालणाऱ्या प्रत्येक खेळामागें मिळणाऱ्या हिश्शांत असते. त्यामुळें ज्याच्या ओढीनें लोक यंत्रच विकत घेतील असा खेळ त्याला हवा असतो, आणि असा भरंवसा परिचित नांवच देऊं शकतें. खरेदी करणाऱ्या कुटुंबाचा विचारही याहून निराळा नसतो. सोनीचा प्लेस्टेशन ५ भारतांत २ फेब्रुवारी २०२१ रोजीं विक्रीस आला तेव्हां डिस्क चालणाऱ्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये होती, आणि कंपनीच्या स्वतःच्या एकेका नव्या खेळाला ४,९९९ रुपयांपर्यंत पडत. एका खेळासाठीं इतके पैसे मोजणारा बाप अनोळखी नांवावर ते लावील हें संभवत नाहीं. दुसरे, तिसरे, पांचवे भाग निघतात त्याचा दोष कारखानदाराच्या माथीं मारण्याची रीत आहे. परंतु त्यांत दुकानाच्या अलीकडे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाचाही वांटा आहे. बहुसंख्य भारतीय मुलें तर कन्सोलच्या वाटेस न जातां घरांतल्या मोबाइलवर फुकट मिळणारे खेळच खेळतात.

अशा बाजारांत पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा संस्थेनें ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ काढावयाचें मनांत आणलें. ना मागें घराणें, ना गांठीशीं पहिला भाग. जत्रेंत राक्षसांचा हल्ला होतो, राजी या मुलीचा धाकटा भाऊ गोलू पळविला जातो आणि दुर्गा व विष्णु यांच्या साहाय्यानें ती त्याच्या शोधार्थ निघते, असें त्याचें कथानक. वाड्या-किल्ल्यांची बांधणी राजस्थानच्या वळणाची, आणि मधले कथाभाग छायाबाहुल्यांच्या पद्धतीनें सांगितलेले. २०१७ सालीं लोकवर्गणीसाठीं किकस्टार्टवर आवाहन केलें, तें ठरलेल्या रकमेपर्यंत पोंचलें नाहीं. काम चालू ठेवण्यासाठीं संस्थापकांपैकीं श्रुति घोष यांनीं आपलें घर विकलें. पत्त्यांची पहिली माळ कोणाच्या पैशानें टोचली जाते, या प्रश्नाचें उत्तर येथें असें रोकडें मिळतें.

ऑगस्ट २०२० मध्यें ‘राजी’ प्रथम निंटेंडो स्विच या यंत्रावर प्रसिद्ध झाली. ऑक्टोबरांत इतर यंत्रांवर आली. त्या वर्षीं ‘द गेम अवॉर्ड्स’ या अमेरिकेंतील समारंभांत उत्कृष्ट पदार्पणाच्या पारितोषिकासाठीं तिचें नामांकन झालें. परंतु यांतील विसंगति पाहण्यासारखी आहे. ज्या स्विचवर हा पुण्याचा खेळ सर्वांआधीं अवतरला, त्या यंत्राची अधिकृत विक्री भारतांत तेव्हां होतच नव्हती! बाहेरून आणलेलीं यंत्रें ज्यांच्याजवळ होतीं, तेवढ्यांनाच तो येथें त्या दिवशीं खेळतां आला. रक्षाबंधनाची जत्रा पाहून राखी म्हणजे काय, असें विचारणाऱ्या परक्या गिऱ्हाइकावर या खेळाच्या निर्मात्यांना भिस्त ठेवावी लागली, आणि राखी जाणणारें गिऱ्हाईक मोबाइलवर दुसरेंच कांहीं खेळत राहिलें.

२०२५ सालीं याच संस्थेनें ‘राजी : कलियुग’ या दुसऱ्या भागाची घोषणा केली. उत्तरभाग म्हटला कीं नाक मुरडणाऱ्या रसिकांना हीही कल्पनेची दिवाळखोरी वाटेल. तसें म्हणणें अन्यायाचें होईल. घर विकून जें नांव कमावलें, त्यावर दुसरी इमारत उठवूं नये, असें त्या लोकांना कोणत्या तोंडानें सांगावें? ‘राजी’ला दुसरा भाग मिळतो, याचा अर्थ मराठी मुलखांतील एका शहरांत तयार झालेलें एक नांव आतां भांडवल म्हणून उभें राहूं शकतें, एवढाच घ्यावयाचा. चिंतेची गोष्ट निराळी आहे. जिचा अजून पहिलाच भाग व्हावयाचा आहे अशी कथा सोलापुरांतील एखाद्या तरुणाच्या डोक्यांत असेल, तर तिच्यासाठीं विकावयाला त्याच्याजवळ घर असेलच असें नाहीं.

या अडचणीची थोडी दखल सोनीनें घेतली आहे. २०२३ सालीं सुरू झालेल्या ‘इंडिया हीरो प्रोजेक्ट’ या योजनेंत भारतांतील लहान संस्थांचे नवे खेळ निवडून त्यांना साहाय्य देण्याचें ठरलें. पहिल्या निवडींत मुंबईच्या अंडरडॉग्ज स्टुडिओचा ‘मुक्ति’ हा खेळ आहे. तो एका वस्तुसंग्रहालयांत घडतो आणि त्याचा विषय माणसांची चोरटी विक्री हा आहे. त्यांत मारिओ नाहीं, तात्या विंचू नाहीं, कोणाचें आडनांवही उसनें घेतलेलें नाहीं.