तरुण वयातील पाठदुखी : ओझ्यापलीकडील कारणे



राजापुरात पाठदुखीवर उपाय विचारला, तर कोणीही उन्हाळे येथील गरम पाण्याच्या झऱ्याकडे बोट दाखवील. ऊन पाण्याने आखडलेले अंग सैल होते, हे खरे आहे; त्या स्नानाला मला नावे ठेवावयाची नाहीत. परंतु आराम पडला म्हणजे रोग गेला असे नव्हे. विशी-तिशीतला माणूस महिनोन्महिने त्या आरामावर विसंबला, तर निदान लांबते.

जांभ्याचे चिरे उचलणाऱ्या वा आंब्याच्या पेट्या वाहणाऱ्या तरुणाची पाठ दुखली, की दोष ओझ्याला दिला जातो. बहुधा तो योग्यच असतो. ताणलेला स्नायू काही आठवड्यांत पूर्ववत होतो. मणक्यांमधील गादी सरकून शीर दाबली गेली, तर कळ पायात उतरते. मात्र दुखणे तीन महिन्यांपलीकडे गेले, की दोन रोगांची शंका फेडून घेतलीच पाहिजे.

पहिला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. यात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच मणक्यांच्या व कटीच्या सांध्यांवर उलटते. याची खूण चमत्कारिक आहे : दुखणे विश्रांतीने वाढते व हालचालीने कमी होते. रात्री उत्तरार्धात कळ येऊन जाग येते. सकाळी अर्धा तास वा अधिक काळ पाठ ताठ राहते. कित्येकांचा डोळा मधूनच लाल होऊन दुखतो. अशा तरुणाला घरचे लोक आळशी ठरवितात, आणि दुखते म्हणून निजून राहण्याचा सल्ला देतात. तोच त्याला बाधतो! हा केवळ पुरुषांचा रोग, हा समजही चुकीचा आहे. क्ष-किरण चित्र प्रारंभीची काही वर्षे निर्दोष दिसू शकते, तेव्हा एम. आर. आय. तपासणी उपयोगी पडते. एचएलए-बी २७ ही आनुवंशिक खूण पुष्कळ रुग्णांत सापडते. परंतु ती असलेल्या बहुसंख्य लोकांना हा रोग होत नाही, म्हणून एवढ्यावरून शिक्का मारू नये. औषधे व रोजचा व्यायाम वेळीच सुरू झाला नाही, तर काहींचे मणके एकमेकांस जुळून पाठ कायमची वाकते.

दुसरा मणक्याचा क्षय. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यविशारदाने १७७९ साली त्याचे वर्णन केले. यात पुष्कळदा खोकला नसतो, म्हणून क्षयाचा संशयच येत नाही. एकाच जागी सतत दुखणे, संध्याकाळचा बारीक ताप, घटणारे वजन अशी लक्षणे असतील, तर मालिश करून घेण्यात वेळ दवडू नये. क्षयाची औषधे शासनातर्फे विनामूल्य मिळतात. मणक्याच्या क्षयात ती बहुधा वर्षभर वा अधिक काळ घ्यावी लागतात. बरे वाटताच ती सोडून देणारे रुग्ण शोधण्याचे काम पंचायत सदस्यांइतके दुसरे कोणी करू शकणार नाही.

शिक्षकांना एवढेच सांगतो : वरच्या वर्गातील एखादा मुलगा सकाळच्या कवायतीत वाकत नसेल आणि दुपारी मात्र मोकळेपणाने खेळत असेल, तर त्याला शिक्षा करण्यापूर्वी पाठीविषयी विचारा. आणि पाठदुखीबरोबर कोणाच्या पायांतील बळ जात असेल, किंवा लघवीवरचा ताबा सुटला असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याला रुग्णालयात हलवा.