पेट्रोलची टाकी, ताट आणि माळरान
(वर्षावास व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'अन्न, हवामान आणि जैवविविधता यांची गणिती सांगड' हा विषय दिला आहे. विषयाचे नाव ऐकताच मागच्या रांगेतील काही मुलांनी दाराकडे पाहिले, हे माझ्या लक्षात आले. त्यांनी थोडा वेळ बसावे. मी त्रैराशिकाच्या पलीकडे जाणार नाही.

एक किलो मक्यापासून साधारण ३८० मिलिलिटर इथेनॉल निघते. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट आपल्या देशाने २०२५ साली गाठले. म्हणजे ४० लिटरच्या टाकीत ८ लिटर इथेनॉल आले. ते सगळे मक्याचे धरले, तर एका टाकीसाठी २१ किलो मका लागला. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातील माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते. तेव्हा एक टाकी म्हणजे वजनाने चार माणसांचे महिन्याचे रेशन झाले. हा हिशेब थोडा एकांगी आहे, हे मीच कबूल करतो. सगळे इथेनॉल मक्याचे नसते, उसाचेही असते. शिवाय मक्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा चोथ्याच्या रूपाने जनावरांच्या खाद्यात परत येतो. तरीही बाजारातून जे धान्य उचलले गेले, त्याची जागा कोणी भरली, हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी शास्त्रज्ञ जे साधन वापरतात त्याला प्रतिमान, म्हणजेच मॉडेल, म्हणतात. एकमेकांवर अवलंबून असलेल्या समीकरणांची ती साखळी असते. धान्य कमी पडले की भाव वाढतो. भाव वाढला की तीन गोष्टी होतात. शेतकरी त्याच जमिनीतून जास्त पीक काढण्याचा प्रयत्न करतो, कुठेतरी नवी जमीन नांगराखाली येते आणि काही लोक कमी खातात. यापैकी कोणती गोष्ट किती प्रमाणात होईल, याचे आकडे प्रतिमान करणाराच आत घालतो. सारी मेख तिथे आहे.

२००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात टिमोथी सर्चिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्याआधी असे मानले जाई की मक्याचे इथेनॉल पेट्रोलपेक्षा सुमारे २० टक्के कमी प्रदूषण करते, कारण जळताना सुटणारा कार्बन रोपाने हवेतूनच घेतलेला असतो. सर्चिंगर यांनी या हिशेबात जमीन धरली. अमेरिकेतील मका टाकीत गेला की दुसऱ्या देशात जंगल किंवा गवताळ रान मोडून पीक घेतले जाते आणि त्या मातीत व झाडांत साठलेला कार्बन हवेत जातो. तो धरल्यावर ३० वर्षांतील उत्सर्जन कमी न होता जवळजवळ दुप्पट निघाले. पुष्कळ वाद झाला. कॅलिफोर्निया राज्याने २००९ साली मक्याच्या इथेनॉलवर या कारणासाठी प्रत्येक मेगाज्यूलमागे ३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइडचा भार लावला. २०१५ साली तोच भार १९.८ वर आणला. आकाश तेच, मका तोच. समीकरणातील अंदाज सुधारले. यावरून प्रतिमाने खोटी असतात, असा अर्थ विद्यार्थ्यांनी काढू नये. जमीन हिशेबातून वगळणे म्हणजे तिथे शून्य लिहिणेच होय, आणि शून्य हाही एक अंदाजच असतो.

मला सांगायचे आहे ते याच्या पुढचे. २०१५ साली सर्चिंगर यांनी आणखी काही जणांसह अमेरिका व युरोपमधील सरकारी धोरणांसाठी वापरलेली तीन प्रतिमाने उघडून पाहिली. इथेनॉलकडे वळवलेल्या गहू-मक्यातील उष्मांकांपैकी २० ते ५० टक्के उष्मांक पुन्हा कोणी पिकवलेच नाहीत, असे ती प्रतिमाने धरून चालली होती. म्हणजे माणसांनी आणि जनावरांनी तेवढे कमी खाल्ले. कमी खाल्ले म्हणून कमी जमीन मोडली, म्हणून कार्बन वाचला आणि ती बचत इंधनाच्या खात्यावर जमा झाली. कोण कमी जेवले, यासाठी मात्र त्या तक्त्यात रकानाच नव्हता. बंधू-भगिनींनो, भाव वाढल्यावर ज्याच्या ताटातली भाकरी कमी होते, तो माणूस कोण असतो हे या सभागृहात सांगण्याची गरज नाही.

आपल्याकडे ही साखळी नुकतीच डोळ्यांसमोर फिरली. २०२३ साली एल निनोच्या वर्षी पाऊस कमी झाला, साखर कमी पडेल अशी भीती वाटली आणि डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले. ते ऑगस्ट २०२४ मध्ये उठले. पण दरम्यान कारखान्यांचा भर मक्यावर गेला. मका निर्यात करणारा आपला देश २०२४ साली आयात करू लागला, आणि कोंबडी-खाद्य महागल्याची कुक्कुटपालकांची ओरड सुरू झाली. ढगापासून अंड्यापर्यंत हा दोरा कसा जातो पाहा. ऊसही निर्दोष नाही. महाराष्ट्रात पिकाखालील जमिनीच्या ४ टक्क्यांहून कमी क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचे सुमारे ७० टक्के पाणी घेतो, असे कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या अहवालात म्हटले आहे.

आता जैवविविधता. इथे प्रतिमान करणाऱ्याची खरी अडचण होते. एक टन कार्बन कुठेही एक टनच असतो. पण एका हेक्टरवरचे जीव दुसऱ्या हेक्टरवर मोजून देता येत नाहीत. सोलापूरजवळच्या नान्नजचे माळरान घ्या. माळढोक पक्ष्यासाठी तिथे अभयारण्य झाले. लांडगा, चंडोल, शिवाय धनगरांची मेंढरे, या सर्वांचा तो संसार आहे. परंतु असले गवताळ माळ सरकारी नकाशांत वर्षानुवर्षे 'पडीक' या सदरात पडत आले. संगणकाला तो नकाशा दिला की तो म्हणणार, जमीन मोकळी आहे, नांगर घाला. दोष संगणकाचा नाही, 'पडीक' हा शब्द लिहिणाऱ्या कारकुनी हाताचा आहे.

२०२० साली 'नेचर'मध्ये डेव्हिड लेक्लेर आणि त्यांच्या बऱ्याच सहकाऱ्यांचा अभ्यास आला. त्यांनी जमीन-वापराची ४ आणि जैवविविधतेची ८ प्रतिमाने एकत्र चालवली. नुसते संवर्धनाचे प्रयत्न वाढवले, तर अन्नाचे भाव वाढू शकतात आणि भविष्यातील हानीपैकी जवळजवळ निम्मी टळत नाही, असे दिसले. त्याच्या जोडीला जमिनीची नीट निगा राखून उत्पादन वाढवले, व्यापार सुधारला, नासाडी कमी केली आणि आहारात वनस्पतिजन्य पदार्थ वाढवले, तर दोन-तृतीयांशांहून अधिक हानी टळते. मात्र या आकड्यांत तापमानवाढीचा जीवसृष्टीवरील परिणाम धरलेला नव्हता. ते त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले आहे, म्हणूनच मला तो अभ्यास भावतो. आहाराच्या सल्ल्याबद्दल एवढेच म्हणतो की ज्याच्या घरी आठवड्यातून एकदा अंडे शिजते, त्याला तो देण्याआधी ज्याच्या घरी रोज मटण उरते त्याच्याकडे जावे.

विद्यार्थी मित्रहो, सुट्टीत गावी जाल तेव्हा एक वही घ्या. दहा वर्षांपूर्वी कोणत्या शिवारात काय पिकत होते, आज काय आहे, गायरान किती उरले, विहिरीला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते आणि दुकानात ज्वारीचा भाव काय, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहा. एक रकाना जादा आखा. भाव वाढला त्या महिन्यात घरी कोणी कमी जेवले का, आणि कोण. बहुतेक घरांत हे उत्तर आईला विचारावे लागेल. ती सहजासहजी सांगणार नाही.

कोणास काही विचारायचे असल्यास आता विचारावे. चहा यायला अजून पंधरा मिनिटे आहेत.