दोघांचे उड्डाण



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले जाते, त्यांच्याकडे मी याच शाळेत विज्ञान शिकलो. पुढे पाटबंधारे खात्यात अभियंता म्हणून नोकरी केली, निवृत्त झालो आणि पुण्यास स्थायिक झालो. यंदाच्या व्याख्यानासाठी मी ‘पॅराग्लायडिंग’ हा विषय कळविला, तेव्हा संयोजकांपैकी एका स्नेह्यांनी संकोचाने विचारले, “साहेब, स्मृतिव्याख्यानाला शोभेल असा काही गंभीर विषय घेता येणार नाही का?” त्यांची शंका रास्त होती. परंतु ज्या कारणाने मी वयाच्या बासष्टाव्या वर्षी डोंगराच्या कड्यावरून एका अनोळखी तरुणाच्या भरवशावर हवेत उडी घेतली, ते कारण आमच्या घरापुरते तरी पुरेसे गंभीर होते.

माझी धाकटी बहीण याच परिसरात दिलेली. तिचा मुलगा भालकीच्या महाविद्यालयातून पदवी घेऊन स्पर्धा-परीक्षांसाठी पुण्याला आला. सीमाभागातील मुलाची अडचण आपणांस ठाऊकच आहे : शिक्षण मराठीत, म्हणून इकडच्या नोकरीत कन्नड आडवे येते, आणि तिकडे गेले की हजारोंच्या रांगेत शेवटी उभे राहावे लागते. चार वर्षे अशी गेली. मग सुटीच्या दिवशी कामशेतला पॅराग्लायडिंगच्या ठिकाणी छत्रांच्या घड्या घालण्याचे काम तो करू लागला, आणि एके दिवशी त्याने घरी सांगितले की परीक्षा पुरे झाल्या, मी पर्यटकांना घेऊन उडणारा चालक होणार. बहिणीचा फोन आला. “अण्णा, तू सांग त्याला. तुझं तेवढं ऐकतो तो.” भाच्याला बोलावून मी बोलायला सुरुवात केली, तर तो शांतपणे म्हणाला, “मामा, एकदा उडून बघा की. मग नाही म्हणा.”

एखाद्या धरणाच्या भिंतीविषयी मत द्यायचे तर मी आधी भिंतीवर चढून पाहात असे. तोच न्याय येथे लावणे भाग होते.

खटकचिंचोळीच्या माणसाला आकाशातील यंत्रे नवीन नाहीत. बीदरच्या वायुसेना तळावरची विमाने आपण लहानपणापासून पाहात आलो. १९९६ साली सूर्यकिरण हा हवाई कसरतींचा संघ बीदरलाच स्थापन झाला, आणि सरावाच्या दिवसांत शेतात काम करणारी माणसे खुरपे टाकून वर पाहात उभी राहात. परंतु ती विमाने इंजिनाच्या जोरावर उडतात. पॅराग्लायडरला इंजिन नाही, लाकडी वा धातूचा सांगाडाही नाही. घडी घातली की तो पाठीवरच्या पिशवीत मावतो.

या साधनाचा इतिहास मोठा नाही. इंजिनाविना, केवळ उतार आणि वारा यांच्या साहाय्याने माणूस उडू शकतो हे जर्मनीच्या ओटो लिलिएन्टाल यांनी १८९१ पासून पुढे दाखवून दिले. बर्लिनजवळ त्यांनी उड्डाणासाठी १८९४ मध्ये मुद्दाम टेकडी उभारली होती. ऑगस्ट १८९६ मध्ये उड्डाण करीत असता ते कोसळले आणि दुसऱ्या दिवशी निवर्तले. त्यांच्या नोंदी अभ्यासूनच राइट बंधू १९०३ पर्यंत पोहोचले. पुढे १९६० नंतरच्या दशकात डॉमिना जॅल्बर्ट यांनी कापडी कप्प्यांचे छत्र शोधले. समोरून हवा कप्प्यांत शिरते, छत्र फुगते आणि त्याला विमानाच्या पंखाचा आकार येतो. हे छत्र विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी होते. जून १९७८ मध्ये फ्रान्समधील आल्प्सच्या पायथ्याशी मिऊसी या गावी बेताँ, बॉन आणि बोसाँ या तिघा पॅराशूटपटूंनी असेच छत्र डोंगरउतारावर पसरले, धावत गेले आणि दरीवर उडाले. विमानाचे भाडे वाचावे, असा त्यांचा साधा व्यावहारिक हेतू होता. खेळाचा जन्म काटकसरीतून झाला, ही गोष्ट मला विशेष भावते.

येथे कोणी शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव घेईल. १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर त्यांनी विमान उडविले, अशी कथा आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते. तळपदे हे उद्योगी आणि जिज्ञासू गृहस्थ होते, यात शंका नाही. परंतु त्या उड्डाणाचा विश्वसनीय पुरावा उपलब्ध नाही. आणि ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा हवाला दिला जातो, तो ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभीचा असून त्यातील यंत्रे उडण्यास असमर्थ आहेत, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली काढला. हे मी मुद्दाम सांगतो. कारण ज्या वस्तूला स्वतःचा जीव टांगायचा असतो, तिच्याबाबत अभिमान उपयोगी पडत नाही, गाठ तपासावी लागते.

कामशेत हे मावळातील रेल्वेस्थानक, मुंबई-पुणे लोहमार्गावरचे. कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी आणि लोहगड, विसापूर, तिकोना, तुंग हे किल्ले त्याच टापूत आहेत. जानेवारीतील एका सकाळी आम्ही तेथे पोहोचलो. इंद्रायणी भाताची कापणी होऊन गेलेली, खाचरांतून नुसती धसकटे उभी. डोंगरावर गेल्यावर तास-दीड तास काहीच घडले नाही. एका काठीला बांधलेली कापडी नळी कधी डावीकडे, कधी उजवीकडे लोळत होती, आणि चालक मंडळी तिच्याकडे पाहात गवतावर बसून होती. पैसे भरलेल्या एका पर्यटकाने आवाज चढविला. मुख्य चालक उठलाच नाही. “साहेब, वारा आपला नोकर नाही,” एवढेच तो म्हणाला. माझे निम्मे मत तेथेच तयार झाले.

त्या रिकाम्या वेळेत मी साहित्य पाहून घेतले. दोघांसाठीच्या छत्राचे क्षेत्रफळ सुमारे ४० चौरस मीटर असते, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहूनही कमी कापड. त्यावर दोन माणसे तरतात. दोऱ्या सुतळीइतक्या, काही तर त्याहूनही बारीक. पण त्या अतिबळकट कृत्रिम धाग्यांच्या असतात आणि भार अनेक दोऱ्यांत विभागलेला असतो. एक तुटली तरी छत्र पडत नाही. याशिवाय चालकाच्या आसनाखाली राखीव पॅराशूट असते. अभियंत्याला समाधान वाटावे अशीच ही रचना आहे. मात्र एक जागा अशी आहे की जिला पर्याय नाही : प्रवाशाच्या मांड्यांभोवतीचे आणि छातीवरचे पट्टे. छत्र कितीही उत्तम असो, राखीव पॅराशूट असो वा नसो, मांडीचे पट्टे न अडकवता माणूस हवेत गेला, तर त्याला वाचविणारे काही उरत नाही. सारे शास्त्र त्या दोन बकलांपाशी येऊन थांबते.

माझा चालक मावळातलाच होता, जवळच्या वाडीवरचा, पंचविशीतला. त्याने माझे पट्टे अडकविले, ओढून पाहिले; मग सहकाऱ्याला हाक मारून त्याच्याकडून पुन्हा तपासून घेतले. “काका, मी पळा म्हटलं की पळायचं. उडी मारायची नाही, बसायचं नाही. मी बसा म्हणेपर्यंत पाय चालूच ठेवायचे.” मी पुढे, तो मागे. छत्र मागून डोक्यावर आले आणि एखाद्या खोंडाने दावे ओढावे तसे मागे खेचू लागले. पाच-सात पावले फार जड गेली. आठवे पाऊल जमिनीला लागलेच नाही.

आपण पडत आहोत असे वाटेल, अशी माझी कल्पना होती. तसे झाले नाही. जमीन खाली गेली एवढेच. आवाज होता तो दोऱ्यांतून जाणाऱ्या वाऱ्याचा. पवनेच्या पाण्याचा एक तुकडा चमकत होता, तिकोन्याचे शिखर ओळखू आले. खालची खाचरे पाहून माझ्या मनात आधी आले ते एवढेच, की बांध समपातळीत चांगले घातले आहेत. जन्मभराची सवय, दुसरे काय. भय वाटले ते मात्र वळताना. चालकाने एका बाजूची दोरी ओढली, देह तिरपा झाला आणि डोंगराचा कडा अंगावर येतोय असे वाटले. तेव्हा ध्यानात आले की धरायला माझ्या हातात काहीही नाही. मागे बसलेल्या मुलाचा चेहराही मला दिसत नव्हता. तो मधूनमधून बोलत होता, आणि त्या बोलण्यातल्या सहजपणावरच माझा सारा धीर टिकून होता.

छत्र हवेतून सतत खालीच घसरत असते, सेकंदाला एक मीटरच्या आसपास. परंतु डोंगराला आडवा आलेला वारा उतारावरून वर चढतो, आणि त्याची चढण्याची गती घसरणीहून अधिक असेल तर माणूस वर जातो. या चढत्या वाऱ्याचा पट्टा अरुंद असतो. डोंगरमाथ्याच्या पलीकडे गेले की तोच वारा गटांगळ्या खातो, आणि तेथे शिरलेले छत्र मिटू शकते. म्हणून चालक कड्याला समांतर येरझाऱ्या घालतो, शेतकऱ्याने तासाला तास लावावे तसा.

उंची मिळविण्याचा दुसरा मार्ग मला गुरुजींनी शिकविलेला होता. मार्च महिन्यात ते आम्हांला शाळेमागच्या शिवारात नेत. नांगरून ठेवलेल्या काळ्या रानात, उभ्या उसात आणि विहिरीच्या पाण्यात तापमापक धरायला लावून आकडे वहीत लिहून घेत. काळी ढेकळे सर्वांत तापलेली निघत. मग ते वर बोट दाखवीत : घार कोणत्या रानावर फिरते आहे? पंख का हलवीत नाही? तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन स्तंभासारखी वर जाते आणि घार त्या स्तंभात घिरट्या घालते, हे उत्तर त्यांनी आयते दिले नाही. आठ दिवस आमच्याकडूनच काढून घेतले. हिमाचल प्रदेशातील बीड-बिलिंगचे चालक याच स्तंभांवर तासन्‌तास उडतात. तेथे ऑक्टोबर २०१५ मध्ये या खेळाची विश्वचषक स्पर्धा झाली.

एवढे सांगून मी थांबलो, तर ते सांगणे अर्धवट ठरेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये कुलूजवळ दोघांच्या उड्डाणातून तेलंगणातील एक तरुण पर्यटक स्त्री खाली पडून मरण पावली; तिचे पट्टे नीट तपासले गेले नव्हते, असे प्राथमिक चौकशीत पुढे आले. १८ जानेवारी २०२५ रोजी गोव्यात पेडणे तालुक्यातील केरीच्या पठारावरून उडालेली पुण्याची एक तरुणी आणि तिचा चालक, दोघेही दरीत कोसळून गेले. तेथे व्यवसाय परवानगीवाचून चालला होता, असे पोलिसांनी सांगितले. हिमाचलात या खेळाविषयीचे नियम २००४ पासून आहेत. महाराष्ट्राने साहसी पर्यटनाचे धोरण २०२१ मध्ये जाहीर केले. नियम आहेत म्हणजे माणसे सुरक्षित आहेत, असे मानण्याचे कारण नाही. हंगामात गर्दी वाढते, एका दिवसात उड्डाणे जितकी जास्त तितकी कमाई जास्त, आणि मग वाऱ्याची वाट पाहण्याचा तो तास-दीड तास सर्वप्रथम कापला जातो. पट्टा दुसऱ्यांदा तपासण्याचे अर्धे मिनिट त्यानंतर जाते.

उतरल्यावर भाच्याने काही विचारले नाही. पुण्याला परतताना लोकलमध्ये मीच विषय काढला. धोका आहे म्हणून नको, असे मी म्हणालो नाही. धोका आमच्या खात्यातही होता. मी त्याला हिशेब विचारला. पावसाळ्याचे चार महिने उड्डाणे बंद, तेव्हा काय खाणार? विमा कोण उतरविणार? मालकाने खराब वाऱ्यात उडायला सांगितले आणि नकाराने नोकरी जाणार असेल, तर काय करशील? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्याने पाठ केलेली होती. तिसऱ्याला तो तळेगाव ते चिंचवड गप्प राहिला. मग म्हणाला, “मामा, खाली बसून राहीन. छत्र्यांच्या घड्या घालायला येतातच मला.”

बहिणीला मी फोन करून सांगितले की आधी त्याने एकट्याने उडायला शिकावे, पुरेशी उड्डाणे नोंदवावीत, रीतसर परीक्षा द्यावी आणि त्यानंतरच दुसऱ्याचा जीव पुढ्यात बांधून घ्यावा. तोवर त्याला ‘नाही’ म्हणू नये. ती बराच वेळ काही बोलली नाही. “त्याच्या बाबांना तू सांग,” म्हणाली. मेहुण्यांना मी सांगितले. ते अद्याप माझ्याशी मोजकेच बोलतात, आणि त्यांचा राग मला अनाठायी वाटत नाही. मुलगा त्यांचा आहे.

सध्या तो एकट्याने उडतो. प्रत्येक उड्डाणाची तारीख, वाऱ्याची दिशा आणि हवेतली मिनिटे वहीत लिहितो. ज्या दिवशी वारा पाहून उडालाच नाही, त्या दिवसांचीही नोंद ठेवतो. ती वही मी पाहिली आहे. न उडालेल्या दिवसांची पाने बरीच आहेत. दिवाळीला तो गावी येणार आहे. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना ते छत्र पाहायचे असेल, तर शाळेच्या मैदानावर पसरून दाखविण्याचे त्याने मला कबूल केले आहे. मुख्याध्यापकांनी अनुमती द्यावी, अशी माझी विनंती आहे. खटकचिंचोळीच्या सपाट जमिनीवरून त्याला उडता येणार नाही, याची पालकांनी खात्री बाळगावी.