वार किती मोठी?

बाळंतपण झालं की आपण दोनच गोष्टी विचारतो. काय झालं? आणि वार पडली का? वार पडली की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो आणि तिच्याकडे परत कुणी बघत नाही. आज आम्ही त्या वारेविषयी बोलणार आहोत.

आईच्या रक्तातलं अन्न आणि प्राणवायू वार नाळेतून बाळाला पोचवते. दिवस भरलेले असले तर तिचं वजन साधारण अर्धा किलो, म्हणजे बाळाच्या वजनाच्या सहाव्या हिश्श्याच्या आसपास असतं.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायांचा अभ्यास केला. बाया आपल्यासारख्याच, शेतात राबणाऱ्या. दिवस जाण्याआधी त्यांचं सरासरी वजन होतं फक्त ४२ किलो. चौथ्या महिन्याच्या सुमारास सोनोग्राफीत वार मोजली, तर जिचं वजन आधीपासून कमी तिची वार लहान. आणि जिची वार लहान, तिचं बाळही वजनाला कमी.

चौथा महिना म्हणजे पोट नीट दिसतही नाही हो! आपण डोहाळजेवण घालतो सातव्यात. जरूर घाला, पण वारेचा पाया त्याच्या किती आधी पडलेला असतो. म्हणून सून घरात आली त्या दिवसापासून तिचं ताट बघायला हवं. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं तिनं खायचं, हे आम्हाला पटत नाही. जास्त खाल्लं तर बाळ मोठं होऊन अडेल, असंही काही घरांत म्हणतात. त्याच सहा गावांत ज्या बाया गरोदरपणी दूध, पालेभाजी, फळं जास्त वेळा खात होत्या, त्यांची बाळं अंगानं चांगली होती. पालेभाजी तर आपल्या बांधावरच असते.

वार मोठी म्हणजे सगळं चांगलं, असंही नाही. साखरेचा आजार असला किंवा रक्त फारच कमी असलं तरी ती वाढते. रक्तदाब वाढला तर तिला रक्त कमी पोचतं. मिश्री, तंबाखूही तिला बाधते. म्हणून रक्त, साखर, रक्तदाब दर तपासणीला बघून घ्या. आणि बाळ बारीक झालं म्हणून बाळंतिणीला बोल लावू नका. तिचं वजन माहेरी आणि सासरी मिळूनच ठरलेलं असतं.

वार पडल्यावर ती पूर्ण आहे का, हे नर्सबाई तपासतात. तुकडा आत राहिला तर रक्त थांबत नाही. घरी आल्यावर खूप अंगावरून जायला लागलं तर थांबू नका, १०८ ला फोन करा.

बाळ अडीच किलोपेक्षा कमी भरलं तर त्याला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवायचं, अंगावरचंच दूध पाजायचं, मध-साखर चाटवायची नाही. अंघोळीची घाई नको. आशाताई घरी येतील तेव्हा वजन करून घ्या आणि आकडा कार्डावर लिहायला सांगा.