लिफाफे उघडण्याआधीचे काम

लोकांकडून पैसा-पैसा वर्गणी गोळा करून १९०८ साली मावळातल्या तळेगावात ‘पैसा फंडा’चा काच कारखाना उभा राहिला; अनेकांनी विश्वासाने सोपवलेला पैसा कशात घालावा, यातली जोखीम मावळाला तेव्हापासून ठाऊक आहे आणि संस्थेसाठी सॉफ्टवेअर निवडणाऱ्या संचालकांवर आज तीच जोखीम आहे.

जून २०२२ मध्ये केंद्र शासनाने ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली, तेव्हा सर्वांसाठी सामाईक सॉफ्टवेअर ठरल्याने त्या संस्थांपुढे निवडीचा प्रश्न उरला नाही. नागरी पतसंस्था, इंद्रायणी भाताच्या गिरण्या, चिक्कीचे उत्पादक आणि तळेगाव-चाकणच्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारे लघुउद्योजक यांना मात्र पुरवठादार स्वतःच पारखावा लागतो, आणि ही पारख पुष्कळदा देखण्या प्रात्यक्षिकावर किंवा सर्वांत कमी दरावर सोडली जाते.

याला पर्याय असलेल्या गुणांकनाच्या पद्धतीत प्रथम अनिवार्य अटी वेगळ्या काढल्या जातात, ज्यांना गुण नसतात आणि ज्या पूर्ण न करणारा पुरवठादार तेथेच बाद होतो. उदाहरणार्थ, कंपनी म्हणून नोंदलेल्या उद्योगाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक फेरफाराची, बंद न करता येणारी नोंद राहणे कायद्याने आवश्यक आहे. उरलेल्या निकषांना, म्हणजे मराठीतील पावत्या, विक्रीनंतरची सेवा, पावसाळ्यात इंटरनेट खंडित असतानाही काम चालू राहणे यांना, त्यांच्या महत्त्वानुसार भारांक, म्हणजे एकूण गुणांतील वाटा, दिला जातो.

हा भारांक किती निर्णायक असतो, हे एका कल्पित उदाहरणावरून दिसेल. एका पुरवठादारास गुणवत्तेचे ९० गुण असून त्याचा दर १२ लाख रुपये आहे, तर दुसऱ्यास ७५ गुण असून त्याचा दर ८ लाख रुपये आहे. सर्वांत कमी दराला १०० गुण दिल्यास पहिल्याच्या दराला सुमारे ६६.६७ गुण मिळतात. गुणवत्ता व दर यांचे प्रमाण ७०:३० धरल्यास पहिल्याची बेरीज ८३ आणि दुसऱ्याची ८२.५ होते; तेच प्रमाण ६०:४० केल्यास पहिला ८०.६७ वर उतरतो आणि दुसरा ८५ गुण मिळवून जिंकतो. पुरवठादार तेच, दरही तेच, तरी निकाल उलटतो. म्हणूनच दराचे लिफाफे उघडल्यानंतर ठरवलेला भारांक हा आधीच झालेल्या निवडीला दिलेला मुलामा ठरतो, आणि अर्ध्या गुणाची आघाडी तर निर्णय म्हणून मिरवण्याइतकी भक्कम कधीच नसते.

दर म्हणजे केवळ पहिल्या वर्षाची किंमत नव्हे. वार्षिक देखभाल, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, जुन्या नोंदी नव्या प्रणालीत आणण्याचा खर्च आणि पुढे पुरवठादार बदलायचा झाल्यास आपला डेटा वापरण्याजोग्या स्वरूपात परत मिळण्याची लेखी हमी, हे सर्व त्यात मोजले गेले पाहिजे. यातील शेवटची बाब पुष्कळदा दुर्लक्षित राहते आणि ती नसेल तर संस्थेला महाग पडू शकते.

लोणावळ्यातील या परिषदेच्या प्रतिनिधींना स्वागत समितीची आग्रहाची विनंती आहे की, प्रत्येक संस्थेने पुढील दरपत्रके मागवण्यापूर्वी आपले निकष व भारांक संचालक मंडळाच्या इतिवृत्तात नोंदवावेत आणि सभासदाने मागितल्यास ती नोंद त्याला दाखवावी.